कस

जमिनीचा कस, सोन्याचा कस आणि जमीन कसणे. कोशकार या शब्दांची मुळे निराळी दाखवतील. पण काष्टीच्या जनावरांच्या बाजारात ती फारशी निराळी वाटत नाहीत. तेथे गिऱ्हाईक बैलाचे दात पाहून वय ताडतो. आम्हां मराठीच्या अध्यापकांना या परीक्षेचे कौतुक आहे. मातीला मात्र दात नसतात. तिच्या काळ्या रंगावर भिस्त ठेवावी, तर काळ्याभोर जमिनीतही सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी निघतो.

हा कर्ब मोजण्याची आपल्या प्रयोगशाळांतली रूढ रीत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. तिला तीव्र आम्ल, रसायने आणि वेळ लागतो. लेसरची रीत झटपट आहे. दाबून केलेल्या मातीच्या गोळीवर क्षणमात्र झोत पडतो, कणभर माती हजारो अंशांना तापून उजळते आणि त्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपली रेघ उमटवते. कर्बाची रेघ २४७.८ नॅनोमीटरवर, लोखंडाची तिला अगदी खेटून. २०२३ साली ‘प्रज्ञान’ने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक ओळखले, ते याच तंत्राने.

आम्हांस मोलाची वाटते ती या तंत्राची अडचण. घोड-भीमेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत चुनखडी असते, आणि चुनखडीतही कर्ब असतो. हा अणू कुजलेल्या पाचटातला की खड्यातला, हे रेघेवरून कळत नाही. जुनी रीत चुनखडीचा कर्ब हिशेबात धरत नाही. लेसरपूर्वी तो आम्लाने काढावा लागतो, किंवा निराळा मोजून वजा करावा लागतो. कर्ब साठवल्याबद्दल शेतकऱ्यास मोबदला देण्याची भाषा आता होते आहे. ही वजाबाकी राहिली, तर उसाचे पाचट पेटवणारा आणि ते वर्षानुवर्षे रानात कुजवणारा एकाच रकान्यात बसतील.

एखाद्या कवीने ‘माती’ हा शब्द किती वेळा योजला, हे आमचे विद्यार्थी मोजून आणतात. तो अनुभवातून आला की सवयीने, हे त्या आकड्यात नसते. तरीही मोजणी टाकाऊ ठरत नाही. कस लावण्याआधी काय वगळायचे, हे ठरवावे लागते इतकेच. त्यासाठी यंत्रासोबत, ती जमीन कसणाऱ्यालाही विचारायला हवे: गेल्या पाच वर्षांत या रानात काय जाळले, आणि काय गाडले?