कुंपणाचा हिशोब आणि ग्रामसभेतला एक प्रश्न

पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्या गावच्या पैशाची आहे. सवडीने वाचा.

गेल्या पावसाळ्यात मोकाट गुरांनी आमच्या परसातली केळी आणि मिरची साफ केली. आई म्हणाली, "आता लाकडी कुंपण घालूनच घे." भावकीतल्याच एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने परसात एक फेरी मारली आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली : 'लाकडी कुंपण, १ काम, एकरकमी, १,१०,००० रुपये.'

हे महाग की स्वस्त, तेच मला कळेना. ताडून बघायचं कशाशी?

शेवटी वरच्या वाडीतल्या जुन्या सुतारकाकांना गाठलं. ते टेप घेऊन आले. परस तीन बाजूंनी उघडं. मागे ४० फूट, दोन्ही कडांना ३०-३०. एकूण १०० फूट. "आठ-आठ फुटांवर खांब. किती लागतील?" मी मोबाईलवर भागाकार केला. साडेबारा, म्हणजे १३. काकांनी पंजा पुढे धरला. "बोटं किती? पाच. मधल्या फटी किती? चार. तू फटी मोजल्यास रे!" ४० फुटांत ५ गाळे, ३० फुटांत साडेसात-साडेसातचे ४-४. गाळे १३, म्हणून खांब १४. फाटकासाठी आणखी एक. १५.

मग लाकूड, घनफुटात :

खांब १५. प्रत्येकी ७ फूट लांब, ४ बाय ४ इंच, त्यातले २ फूट जमिनीत. ११.७ घनफूट.

आडव्या दोन ओळी, मिळून २०० फूट, ३ बाय २ इंच. ८.३ घनफूट.

उभ्या पट्ट्या ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेचार फूट उंच. मध्ये २ इंच फट, म्हणजे दर अर्ध्या फुटाला एक. २०० नग, १८.७५ घनफूट.

बेरीज पावणेएकोणचाळीस. कापण्यात वाया जाणारं १० टक्के धरून ४३. प्रत्येक पट्टीला ४ खिळे, म्हणजे ८०० खिळे. फट ४ इंच ठेवली असती तर १५० पट्ट्यांत भागलं असतं. गुरं तरीही अडली असती, पण आईच्या कोंबड्या नसत्या अडल्या. म्हणून २ इंचच.

वडिलांच्या वेळी जागेतलाच ऐन तोडून खांब व्हायचे. आता ऐन, किंजळ आपल्या मालकीच्या जागेत असले तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. आम्ही गिरणीवरचा आकेशिया घेतला. मला ९०० रुपये घनफूट दर लागला, म्हणजे ३८,७०० रुपये. सुताराची मजुरी ६,०००. खिळे, बिजागऱ्या, खांबांच्या बुडाला वाळवीसाठी लावायचं काजूच्या टरफलाचं तेल असं सगळं ५,०००. टेम्पो २,०००. आणि खड्डे ४,२००, कारण एका बाजूला फूटभर मातीखाली कातळ लागतो. तिथे पहारीने दोन फूट जायचं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एकूण ५५,९००.

ठेकेदाराचा नफा, कर, जोखीम हे सगळं असतंच, ते त्याला मिळायलाच हवं. पण मी कागद पुढे ठेवला आणि "बाबारे, कलमवार लिहून दे" म्हटलं, तेव्हा तोच आकडा ७८,००० वर आला. तो रागावलाही नाही. मे महिन्यात काम झालं, चांगलं झालं.

इथवर घरची गोष्ट. आता गावची.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या लाकडी कुंपणाचं अंदाजपत्रक वाचलं गेलं. लांबी २१० फूट. काम त्याच ठेकेदाराला. आदल्याच आठवड्यात मी भाचीला सोडायला गेलो होतो तेव्हा सवयीने पावलं टाकून अंदाज घेतला होता. तीन बाजू मिळून १६० च्या आसपास. चौथ्या बाजूला चिऱ्याचा गडगा आहे, चांगला मजबूत. मग ५० फूट कुठले?

बाजूला बसलेली आई हळूच म्हणाली, "गप बस. भावकीतला आहे. आपल्याला इथंच राहायचंय."

मी उठलो. विचारलं. सभा गार पडली. कोणीतरी म्हणालं, "स्वतःचं कुंपण झालं, आता दुसऱ्यांचं मोजतोय." सरपंचांनी मात्र टेप मागवली. आम्ही पाच-सात जण भिजत जाऊन मोजून आलो. १६० फूट भरलं. अंदाजपत्रक दुरुस्त करायचं ठरलं आणि तसा ठराव लिहिला गेला. मूळ आकडा चूक होता की चलाखी, ते मी सांगू शकत नाही. गडगा नजरेतून सुटलाही असेल.

यंदा गणपतीत तो आमच्याकडे आरतीला आला नाही. हे पहिल्यांदाच झालं. मला ते लागलंय, खोटं कशाला बोलू?

तरीही पुन्हा विचारीन. कारण घरच्या पैशासाठी कलमवार कागद मागणारा मी, अंगणवाडीच्या पैशाला गप्प बसलो असतो, तर माझा तो हिशोब नुसता कंजूषपणा ठरला असता.

वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये नुसते कागद मागण्याचा नाही, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. इंजिनियर असावं लागत नाही. लांबी किती, खांब किती, लाकूड किती घनफूट, एवढे तीन प्रश्न पुरतात. 'एकरकमी' दिसलं की तिथेच थांबा.

तुमच्या वाडीत असं काही काम चालू असेल तर आधी जाऊन मोजा, मग बोला. टेप नसेल तर माझी घेऊन जा. परत आणून द्या म्हणजे झालं.