अर्धाच चेहरा

प्रिय मावशी,

तुझं डोकं दुखायला लागलं तो रविवार होता. डावी भुवई, कपाळ, वर थेट टाळूपर्यंत. आतून कुणी तापलेली सुई ओढतंय, म्हणालीस. आम्ही म्हटलं, अर्धशिशी. मंगळवारी भुवईवर लाल पुरळ उठलं, तेव्हा म्हटलं, दिव्यावर येणारा किडा झोपेत चेहऱ्यावर चिरडला असेल. तसा किडा असतो खरा, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. औषधाच्या दुकानातून मलम आणून लावलं. पण किड्यामुळे आधीचे दोन दिवस डोकं कसं दुखेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. तू दुखणं सांगत होतीस आणि आम्ही फोड बघत बसलो. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

शनिवारी डोळा सुजून मिटला, तेव्हा कुठे त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तुझी उजवी बाजू पाहिली. स्वच्छ होती. मग कपाळाच्या मधोमध वरून खाली बोट नेलं. पुरळ नेमकं त्या रेषेशी थांबलं होतं. ‘लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?’ त्यांनी विचारलं. तू हो म्हणालीस आणि रडायलाच लागलीस. शेजारच्या काकू गुरुवारीच ‘नागीण’ म्हणाल्या होत्या. तिचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातो, या धास्तीने तू ते घरात कुणाला सांगितलंच नव्हतंस!

मावशी, तसं काही होत नाही गं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने वर येतो आणि बहुधा त्याच्याच हद्दीत राहतो. चेहऱ्याचे डावे-उजवे मज्जातंतू वेगळे. ज्या अर्ध्या वेढ्याला तू घाबरलीस, त्याच अर्धेपणावरून डॉक्टरांनी आजार ओळखला.

नाकाच्या शेंड्यावरचा बारीक फोड तर आम्हाला दिसलाही नव्हता. तो पाहून त्यांनी तुला त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. 19व्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण टिपली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात.

गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या. ते तास आम्ही मलमात घालवले. तरी नवे फोड येत होते, डोळा धोक्यात होता, म्हणून त्यांनी दिल्याच: असायक्लोव्हिर, 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. डोळा वाचला.

कातडी सुकून दोन महिने झाले, पण आतली आग गेलेली नाही. कंगवा लागला तरी झोंबतं, म्हणून वेणीच घालत नाहीस, असं परवा फोनवर म्हणालीस. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या सोडू नकोस. मी रविवारी येते. डावीकडे हात न लावता केस विंचरून देईन.

तुझी,
धाकटी भाची