एका पिस्तुलाची हयात

लोखंडाची वस्तू वापराने झिजते, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, न वापरल्याने ती त्याहूनही लवकर निकामी होते हे ध्यानी येण्यास बहुधा अर्धे आयुष्य खर्ची पडते. माझ्यापाशी नेमबाजीचे एक हवेचे पिस्तूल आहे. नळीचा व्यास साडेचार मिलिमीटर. आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा दहा मीटरांवरच्या कागदी लक्ष्यात नेऊन रुतवणे, एवढेच त्याचे आयुष्यभराचे कर्तव्य. माझी सारी नोकरी आणि निवृत्तीनंतरचा बराच काळ त्याच्या सहवासात गेला, आणि त्या सहवासाने एक गोष्ट माझ्या मनात दृढमूल केली: यंत्राची निगा म्हणजे त्याला हात न लावता जपून ठेवणे नव्हे, तर नियमाने, बेताने आणि नेमक्या जागीच हात लावणे.

महसूल खात्यात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते; स्वतंत्र जिल्ह्याचा मान त्याला 1 जुलै 1998 रोजी मिळाला. महाविद्यालयात असताना छात्रसेनेच्या शिबिरात नेमबाजीची गोडी लागली होती, आणि पुढे धुळ्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी, दृष्टी मंदावल्यामुळे, आपले जर्मन बनावटीचे पिस्तूल माझ्या हवाली केले. परदेशी वस्तू मिळणे दुरापास्त असण्याचा तो काळ. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली होती, त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा देशभरच्या होतकरू नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडून देत होती. परंतु आमच्यासारख्या आडबाजूच्या गावी या विद्येचा जाणकार शोधूनही सापडत नसे. त्यामुळे पिस्तूल चालवण्यास मी जितका शिकलो, त्याहून अधिक ते सांभाळण्यास शिकलो, आणि तेही मुख्यत्वे त्याच्याकडूनच.

त्याची रचना समजावून घेतल्याखेरीज त्याची निगा समजणार नाही. बाजूचा दांडा मागे ओढला की आतली बळकट स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या अडकून बसतो. चाप ओढताच तो सुटतो, पुढची हवा क्षणार्धात दाबतो, आणि त्या दाबाने छर्रा नळीतून निघतो. परंतु दट्ट्या पुढे धावताना पिस्तुलाला धक्का देतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच नेम ढळतो. या अडचणीवर नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी फाइनवेर्कबाऊ या कारखान्याने, म्हणजे पूर्वी माउझर या शस्त्रनिर्मात्या कंपनीत काम केलेल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर या अभियंत्यांच्या कारखान्याने, 1965 साली मोठा सुंदर तोडगा काढला: नळी आणि यंत्रणा मिळून रुळावर किंचित मागे सरकतात, मूठ मात्र हातात निश्चल राहते. माझे पिस्तूल याच तत्त्वावर चालते. एवढ्या नाजूक समतोलावर उभ्या असलेल्या यंत्राला तेलाची बुधली पालथी घालणारा मालक हाच सर्वांत मोठा धोका असतो; कारण दट्ट्याच्या पुढच्या पोकळीत खनिज तेलाचा थेंब जरी उतरला, तरी दाबाने तापलेली हवा त्याचा भडका उडवते, आणि तो लहानसा स्फोट स्प्रिंग आणि दट्ट्याची कडी यांचे आयुष्य कुरतडू लागतो. छर्रा न भरता ते उडवणेही तितकेच घातक, कारण मग दट्ट्याला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट पोलादावर आदळतो.

बदल्यांमुळे या पिस्तुलाने जिल्ह्याची सारी हवा भोगली. नवापूरच्या पावसाळ्यात दप्तरातले कागद ओलसर होऊन एकमेकांस चिकटत, तेथे पिस्तुलाच्या पेटीतले स्पंजाचे अस्तर दमट हवा शोषून घेई, आणि पोलाद ज्या ज्या ठिकाणी त्या स्पंजाला टेकलेले असे, नेमक्या त्या ठिकाणी तांबूस ठिपक्यांची रांग उमटे. पेटी ही प्रवासापुरतीच असावी आणि घरी पिस्तूल कुलूपबंद कपाटात खुंटीवर मोकळे टांगावे, हा नियम तेव्हापासून झाला. धडगावच्या थंडीतून तळोद्याच्या वैशाखात आल्यावर अक्रोडाची मूठ आकसून तिचे स्क्रू सैल होत. तिला जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहाताने चोळून जिरवावे आणि उरलेले तेल लगेच पुसून काढावे, एवढे पुरे होई. तळहाताचा घाम तर बारमाही शत्रू. सराव संपला की किंचित तेलकट फडक्याने प्रत्येक उघडा भाग पुसणे, आणि शिशाचा अंश बोटांवर असतो म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुणे, या दोन गोष्टी मी कधी टाळल्या नाहीत. नळीला मात्र मी फारसा हात लावत नाही. शिसे मऊ असते आणि स्वतःचा पातळ थर बसवून नळी सारखी करते. नेम विखुरला तरच नायलॉनची दोरी ओवून फडक्याची चिंधी मागून पुढे एकदा ओढावी.

धडगावच्या अक्राणी महालात असताना एका पावरा वृद्धाकडून मला या विषयाचे अनपेक्षित अनुमोदन मिळाले. सातपुड्यातला तीरकामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. काम संपताच ते आजोबा दोरी एका टोकाने उतरवून ठेवीत. सतत ताणलेला कामठा आपला जोर विसरतो, असे ते म्हणाले. ताणून ठेवलेल्या स्प्रिंगचेही तसेच असते. म्हणून नेम धरल्यावर मन डळमळले आणि पिस्तूल खाली घ्यावे लागले, तरी ते ताणलेल्या स्थितीत ठेवून चहाला जाऊ नये, हा दंडक मी स्वतःला आणि पुढे शिकणाऱ्या मुलांना घालून दिला.

वार्षिक तपासणीसाठी मला खंडेनवमीहून योग्य दिवस सापडला नाही. पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते, आणि घरोघर शस्त्रे-अवजारे पुसूनपासून देवापुढे मांडली जातात. अष्टमीच्या रात्री मी पिस्तूल उघडतो. व्हाईसमध्ये जपून दाबून स्प्रिंग सोडवतो, काचेच्या तावदानावर ती लोळवून पाहतो, कारण वाकलेली स्प्रिंग लोळताना लंगडते. तिला आणि दट्ट्याच्या अंगाला काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसचा बोटभर लेप देतो, कडीच्या पुढे मात्र काहीही नाही. मग चापाची परीक्षा. नळी आकाशाकडे करून अर्ध्या किलोचे वजन चापाला टांगतो; स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पाचशे ग्रॅम त्याने पेललेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी पूजा. हळद, कुंकू आणि ओल्या अक्षता पोलादावर रात्रभर राहिल्या तर त्याला गंज चढतो. परंतु आईची श्रद्धा मला मोडायची नव्हती. आईनेच मार्ग काढला. तिने गंध-फूल मुठीच्या लाकडाला वाहिले, आणि नमस्कार मात्र साऱ्या पिस्तुलाला केला. तीच रीत घरात पुढे चालली.

सगळ्यात मोठे दुखणे आले ते निवृत्तीच्या सुमारास. छर्रे लक्ष्याच्या खालच्या अंगाला पडू लागले, आणि उघडून पाहिले तो दट्ट्याच्या टोकाची कृत्रिम कडी भाकरीच्या कोरासारखी बोटात भुरभुरत होती. त्या काळच्या पॉलियुरेथेनचा तो स्वभावच. काळ त्याला आतून खातो, मग पिस्तूल रोज चालो वा कपाटात पडून राहो. सुटा भाग परदेशातून येण्याची आशा नव्हती. परंतु नंदुरबार हे मिरचीचे, डाळमिलांचे गाव, आणि त्या यंत्रांच्या दुरुस्तीवर चालणारी लेथची दुकाने येथे पुष्कळ. त्यांपैकी एका मिस्त्रींपुढे मी दट्ट्या ठेवला. त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला, टेफ्लॉनचा दांडा काढला आणि विचारले, “भाऊसाहेब, माप उन्हाळ्याचं धरू की हिवाळ्याचं?” मी चकित झालो, कारण टेफ्लॉन उष्णतेने पोलादापेक्षा कितीतरी अधिक फुगते हे कोणत्याही पुस्तकाविना त्यांना ठाऊक होते. आमच्या गावी मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. हिवाळ्याच्या मापाची कडी तेव्हा दट्ट्याला जागीच धरून बसली असती. त्यांनी उन्हाळ्याचे माप धरले, केसभर घासून काढत काढत कडी बसवली, आणि मग हवेच्या भोकावर बोट दाबून दट्ट्या पुढे लोटला. तो आतल्या हवेवर टेकून परत उसळला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान मी पाहिले, त्यापुढे मला कोणत्याही पदकाचे अप्रूप वाटत नाही.

आता माझी नात पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करते. तिचे पिस्तूल निराळ्या जातीचे. दोनशे बार दाबाची हवा भरलेली नळकांडी त्याला लागते, तिच्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते, आणि दहा वर्षांची मुदत संपली की ती, दिसायला कितीही धडधाकट असो, बाद करावी लागते. या मुदतीला मी मनापासून मान देतो. स्प्रिंग थकली तर छर्रा खाली पडतो, एवढेच. दाबाची नळकांडी थकली तर माणसाच्या हातात फुटू शकते. तिच्यात भरायची हवा कोरडी हवी, आणि ती अगदी रिकामी होऊ न देता थोडा दाब शिल्लक ठेवावा, हेही नातीने मला शिकवले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी दहा मीटर हवेच्या पिस्तुलाच्या प्रकारात नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलाच्या इलेक्ट्रॉनिक चापात ऐन स्पर्धेत बिघाड झाला आणि मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली, तेव्हा नात रडली होती. पॅरिसमध्ये 28 जुलै 2024 रोजी त्याच प्रकारात मनूने कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. जे यंत्र आपण स्वतः उघडू शकत नाही, त्याची काळजी अधिकच काटेकोर घ्यावी लागते, हा बोध मी त्या प्रसंगातून घेतला. बॅटरी, तारा, जोड, सुटे भाग यांची यादी नातीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे.

जुने पिस्तूल काचेच्या कपाटात शोभेला ठेवावे असे घरातल्या काहींचे मत आहे. मला ते मान्य नाही. शोभेच्या कपाटात ग्रीस वाळेल, रुळांवर धूळ बसेल, आणि कोणाच्याही ध्यानी न येता ते मरेल. नात सुटीत घरी येते तेव्हा परसातल्या भिंतीपाशी, मागे जाड लाकडी फळी आणि लोखंडी पत्रा लावून, दहा मीटरांवर आम्ही लक्ष्य टांगतो आणि ती त्याच पिस्तुलाने सराव करते. मिस्त्रींनी टेफ्लॉनच्या जास्तीच्या दोन कड्या तेव्हाच घडवून दिल्या होत्या. त्या कपाटाच्या वरच्या खणात पत्र्याच्या डबीत आहेत, डबीवर उन्हाळ्याचे माप लिहिलेले आहे, आणि पुढच्या खंडेनवमीला कडी नातीने स्वतः बसवायची असे आमचे ठरले आहे.