एक जूनला जन्मलेली पोरं

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत दर रविवारी सकाळी पोरांचा फुटबॉल चालतो. मध्यंतरी त्यांना चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत उतरवायचं ठरलं आणि जन्माचे दाखले मागवले. अकरापैकी तिघांची तारीख एकच निघाली, १ जून. आईबाप वीटभट्टीवर, पोर कुठल्या मुक्कामी झालं याची नोंद नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकून दिली. माझ्या वडिलांचीही तीच आहे. तुमच्याही घरात एखादा एक जूनवाला असेलच.

वयोगट हे शास्त्र आहे, असं सांगतात. आहेच, मी नाकारत नाही. पण त्याचा पाया जन्मनोंद, आणि ती कुणाकडे धड असते? फुटबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी वय १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटातला जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षानं मोठा असतो. तो उंच दिसतो, आणि निवडणारा त्या उंचीलाच गुणवत्ता समजतो. युरोपातल्या निवडींचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीच दाखवून दिलंय. म्हणजे मेरिट तिथेही वाढदिवसाला चिकटलेलं निघालं! आरक्षणावरून आपल्याला मेरिट शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

लहान वयाच्या खेळाबद्दल मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सहा ते बारा हे चेंडूशी मैत्री करायचं वय. या वयात पोरांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरा उभं केलं, तर धिप्पाड दोघं-तिघं खेळतात आणि बाकीचे धूळ खात उभे राहतात. म्हणून इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांची पोरं पाच-पाच जणांत खेळत आली, अकराचा संघ तेराव्या वर्षाच्या आसपास. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानंही २०१८ पासून ‘गोल्डन बेबी लीग’ याच विचारानं सुरू केली. छोटी जागा, छोटा चेंडू, प्रत्येकाच्या पायाला खेळ. बुद्धविहारापुढची मोकळी जागा यासाठी पुरते. दहा वर्षांपर्यंत आपली पोरं कुणापेक्षा मागे नाहीत, हे मी डोळ्यांनी बघतोय.

मागे पडतात ती पुढे. बारा-तेराव्या वर्षी मोठं मैदान, रोजचा सराव आणि पोटभर खाणं लागतं. नेमकं तेव्हाच पोरगं केटरिंगच्या गाडीवर चढतं नाहीतर द्राक्षाच्या हंगामात बागेत जातं. पोरीचं तर विचारूच नका. धाकट्या भावाला सांभाळायला ती घरात अडकते, आणि ‘आता मोठी झालीस’ हे ऐकवायला आपलेच कार्यकर्ते बाप पुढे असतात.

मैदानाचं काय? आमच्या जवळचं एक मैदान संध्याकाळी अकॅडमीला भाड्यानं जातं. फी भरा आणि आत या. जात कुणी विचारत नाही, विचारायची गरजच उरलेली नाही. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला सरकारी पैशातून राखलेली सार्वजनिक ठिकाणंही आहेत. चवदार तळ्याचं पाणी आपण पाठ केलं, मैदानाचा हक्क वाचायचा राहिला.

‘झुंड’ २०२२ मध्ये आला तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोसमोर अमिताभला पाहून आपण शिट्ट्या मारल्या. पण ज्या विजय बारसे सरांवर तो बेतला, त्यांचं नागपुरातलं स्लम सॉकर २००१ पासून चाललंय. शिट्टी त्यांनीही वाजवली, पण मैदानात उभं राहून. आपल्या मंडळांकडे जयंतीला डीजेसाठी पैसा निघतो, चार चेंडूंसाठी निघत नाही.

यंदा आम्ही मंडळात भांडून चेंडूंचे पैसे काढले. मैदानासाठीही लेखी अर्ज दिलाय: रोज दोन तास, विनाशुल्क, बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी. मुलींची वेळ सकाळी सहाची मागितलीय, कारण संध्याकाळी वस्तीत नळाला पाणी येतं.