विरळ हवेच्या गावी

सिंधू नदीच्या खोऱ्यात वसलेले लेह हे लडाखमधील मुख्य शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. आमचे इंदूर माळव्याच्या पठारावर असले तरी त्याची उंची जेमतेम ५५० मीटर. दिल्लीहून निघालेले विमान सव्वा तासात लेहला उतरते. खिडकीतून हिमशिखरे पाहण्यात गुंग झालेला प्रवासी खाली उतरून सामान उचलतो आणि चार पावलांतच त्याला धाप लागते.

लेहच्या हवेत प्राणवायू कमी, असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः तेथील हवेतही त्याचा वाटा इंदूरइतकाच, म्हणजे शेकडा २१ असतो. कमी असतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत तो सुमारे दोन तृतीयांश भरतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. गृहिणींना याची साक्ष स्वयंपाकघरात पटते. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते आणि कुकरवाचून डाळ काही केल्या शिजत नाही.

या उणिवेची वर्दी प्रथम लागते ती मानेतील रोहिण्यांपाशी असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन पिंडांना. ते मेंदूला सूचना देतात, श्वास वाढतो, हृदयाची गती वाढते. परंतु जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडही अधिक बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू उलट श्वासाला आवर घालू पाहतो. पहिल्या एकदोन रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबतो व मग एकदम खोल घेतला जातो, तो या ओढाताणीमुळेच. ती मिटवतात मूत्रपिंडे. खाण्याच्या सोड्यात असतो त्या जातीचा क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकतात. पण या कामाला काही दिवस लागतात. मूत्रपिंडांतूनच निघणाऱ्या एका संप्रेरकामुळे तांबड्या रक्तपेशी वाढतात. त्याला तर कित्येक आठवडे हवेत. पेशींना प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही सहाजण होतो. करोनाच्या साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र आम्ही बरोबर नेले होते. घरी ९८ दाखवणारे ते यंत्र पहिल्या संध्याकाळी ८६ वर आले. तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराला जाण्यासाठी गाडी ठरवून ठेवली होती. दुसऱ्या रात्री आमच्या दादांचे डोके दुखू लागले, अन्नावरची वासना गेली. वय सहासष्ट, पण "एवढ्यासाठी सर्वांचा खोळंबा नको," हाच त्यांचा धोशा. पँगाँगच्या वाटेवर चांग ला ही ५३०० मीटरांहून उंच खिंड ओलांडावी लागते. आमच्या यजमानीणबाईंनी दादांकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "सरोवर कुठे पळून जात नाही. उद्या यांना झोपू द्या." गाडीची आगाऊ रक्कम बुडाली. आम्ही राहिलो.

शेजारच्या खोलीतील धडधाकट तरुण मात्र दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला पाहून आला होता. त्याला स्वस्थ बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला सुटला. फुप्फुसांत पाणी होऊ लागले होते. त्याला रुग्णालयात प्राणवायू लावला आणि पुढे विमानाने खाली पाठवले. तरुणपण व व्यायामाची सवय या बाबतीत हमी देत नाहीत. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातून तातडीने वर नेलेल्या जवानांना हेच भोगावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९२५ जवानांच्या आजाराचे निरीक्षण १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. या विषयात ते आजही आधारभूत मानले जाते.

मोटारीने जाणाऱ्यांनीही वाट पारखून घ्यावी. श्रीनगर–कारगिल मार्गाने चढण बेताबेताने होते. मनालीच्या वाटेवर मात्र सरचू येथे मुक्काम केल्यास लेहहूनही उंच, सुमारे ४२०० मीटरांवर रात्र काढावी लागते. पहिले दोन दिवस विश्रांती, मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य, आणि त्रास वाढला तर थेट खाली उतरणे, हे नियम सर्वांनाच लागू. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

चौथ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतः होऊन चहा मागितला. यंत्राने ९१ दाखवले. सहाव्या दिवशी आम्ही सारे पँगाँगच्या काठी उभे होतो. निळ्या पाण्यापलीकडचे उघडे डोंगर पाहत दादा बराच वेळ काही बोलले नाहीत.

खाली उतरल्यावर वाढलेल्या रक्तपेशी काही आठवड्यांत पूर्ववत होतात. उंचीची ही सवय शरीर फार दिवस राखून ठेवीत नाही. म्हणून एकदा जाऊन आलेल्यांनीही पुढल्या खेपेस लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस अंथरुणासाठी राखून ठेवावेत.