इस्तंबूलचीं उघडीं डोकीं

इस्तंबूल शहरास जाणारा प्रवासी आयासोफियाचा घुमट, सुलतान अहमद मशिदीचे सहा मिनार व बॉस्फरसची सामुद्रधुनी पाहून येतो आणि घरच्या मंडळींस त्यांचेंच वर्णन सांगतो. तेथील आणखी एक दृश्य मात्र प्रवासवर्णनांत क्वचितच आढळतें; तें रस्त्यांवर हिंडणाऱ्या पुरुषांच्या डोक्यांचें. कोणाच्या कपाळावर मऊ काळा पट्टा, कोणाच्या मानेवर पांढरी मलमपट्टी, तर कोणाचें मुंडण केलेलें डोकें तांबड्या ठिपक्यांनीं भरलेलें. हे केशरोपणासाठीं देशोदेशींहून आलेले लोक होत. आमच्या पुतण्याच्या सोबतीस म्हणून आम्ही तेथें आठवडाभर राहिलों, त्यामुळें हें सर्व जवळून पाहावयास मिळालें.

टक्कल हा विकार जुनाच. सुश्रुतानें इंद्रलुप्ताची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. आणि भर्तृहरीच्या नीतिशतकांतील खल्वाट उन्हाच्या तापानें झाडाखालीं गेला तों फळ पडून त्याचें डोकेंच फुटलें, हें संस्कृत शिकलेल्यांस ठाऊकच आहे. उपाय मात्र नवा. डोक्याच्या मागील बाजूचे केस पुढें लावले तरी आपला टिकाऊ गुण सोडीत नाहींत, हें न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. आज सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पात्यानें ते केस मुळासकट काढून पुढें रोवतात. कोंकणांतील भातलावणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको.

शस्त्रक्रिया बहुधा एका दिवसांत उरकते. खरी कसोटी पुढील पंधरवड्याची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कपाळ सुजतें, कधीं सूज डोळ्यांवर उतरून चेहरा ओळखूं येत नाहीं. ती थोड्याच दिवसांत ओसरते. केसांभोंवतीं धरलेल्या खपल्या दहा ते चौदा दिवसांत गळतात. त्या ओढणें, डोकें खाजविणें, घट्ट टोपी घालणें, हें सर्व वर्ज्य. उशी उंच करून निजावें, पुढून गुंड्यांचा सदरा वापरावा, उन्हांत फिरूं नये. सैल टोपी घालावयाची तीहि शस्त्रवैद्यानें अनुज्ञा दिल्यावरच. पुढें दोन ते आठ आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. त्यानें घाबरूं नये, मूळ आंत शाबूत असतें. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस दिसूं लागतात आणि पूर्ण फळ येण्यास वर्ष लागतें.

म्हणजे डोकें झांकावें असें ज्या दिवसांत वाटतें, तेच दिवस तें झांकण्यास अयोग्य! इस्तंबूलमध्यें ही अडचण जाणवत नाहीं. याच शहरांत सुलतान दुसरा महमूद यानें १८२९ सालीं सरकारी नोकरांस फेझ टोपी सक्तीची केली व १९२५ सालीं कायद्यानें ती बंद होऊन हॅट आली. आज मात्र एमिनोन्यूच्या धक्क्यावर सिमित विकणारा गिऱ्हाइकाच्या पट्टीकडे वळूनहि पाहत नाहीं. आमचा पुतण्या दोन दिवस खोलींत बसून होता. तिसऱ्या दिवशीं उस्कुदारच्या बोटींत आपल्यासारखे तिघे पाहिल्यावर त्याची भीड चेपली.

आपल्या घरांची गोष्ट निराळी. आपल्याकडे मुंडण केलेलें डोकें दारांत दिसलें कीं पाहणाराच्या काळजाचा ठोका चुकतो. आईबापांपैकीं कोणी गेलें काय, हाच पहिला तर्क. त्यांतून आमचे वडील बंधु वर्षभर अंथरुणास खिळलेले. आणि चिरंजीव घरीं 'कामासाठीं जातों' एवढेंच सांगून निघालेले! वाटेंत भेटणाऱ्या आप्तांनीं काय समजावें? आम्हीं त्यास हें समजावून सांगितलें, तेव्हां निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें आईस फोन केला. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दुखतं का रे फार? ये घरी, मी ह्यांना सांगून ठेवते."

शस्त्रवैद्य पथ्याचा कागद देतो, त्यांत हें पथ्य नसतें. घरांतील वडीलधाऱ्यांस आधीं सांगावें, शेजाऱ्यांनीं विचारल्यास दोन वाक्यांत खरें तें उत्तर द्यावें. मुलें एक दिवस हंसतील, दुसऱ्या दिवशीं खेळावयास जातील. आणि रोग्यास उशी उंच करून स्वस्थ झोंप लागेल.