सांगाडा आपला, बोल तिचे

दोस्तहो, आपल्यातली पोरं कथा लिहायला बसली की दोनच रस्ते धरतात. एक जण आधीच सगळं ठरवून मोकळा. पहिल्या पानावर पाटील, पाचव्या पानावर अत्याचार, शेवटच्या पानावर नायकाची वळलेली मूठ. दुसरा म्हणतो, ठरवायचं कशाला? आपण जगलोय ना? पेन टेकवायचं अन् आतलं सगळं ओतायचं. आग काय आराखडा काढून लागते?

दोघंही माझे दोस्त. दोघांच्याही कथा मी रात्र रात्र जागून ऐकल्यात. पहिल्याच्या कथेत माणूस सापडत नाही. दुसऱ्याच्या कथेत साल सापडत नाही.

पांढरपेशा लेखकाला हा वाद तंत्राचा वाटतो. वाटू दे. त्याच्या माळ्यावर आजोबाची रोजनिशी असते, भिंतीवर पणजोबाचा फोटो असतो. त्यानं चार गोष्टी अंदाजानं लिहिल्या तरी त्याच्या पणजोबाच्या असण्यावर कुणी शंका घेत नाही. आपलं तसं नाही. आपल्या कथेतलं एक साल हुकलं की त्यावर बोट ठेवून लोक म्हणणार, बघा, हे सगळंच रचलेलं. ज्या माणसांची नोंदच कुणी ठेवली नाही, त्यांना पुन्हा एकदा खोटं पाडायला आपणच कागद पुरवायचा? म्हणून मी म्हणतो, हा वाद आपल्याला वेगळा सोडवावा लागेल.

गेली दोन वर्षं मी एक मोठी कथा लिहितोय. महाडची. तिच्यात एक बाई आहे. डिसेंबर 1927 मध्ये नवऱ्याच्या मागं चालत महाडला आलेली. बाई माझ्या मनातली. पण महाड माझ्या मनातलं नाही. ते होऊन गेलंय. तिथं मला मनाला येईल तसं हिंडता येत नाही.

म्हणून आधी वही केली. डाव्या पानावर तारखा. 1923 चा बोले ठराव. 1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावर. 19 आणि 20 मार्च 1927 ची परिषद. त्या परिषदेसाठी पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. 20 मार्चला तळ्यावर जाऊन पाणी प्यालं गेलं. मग परतणाऱ्या माणसांवर हल्ले. मग 108 घागरी ओतून तळ्याचं शुद्धीकरण. डिसेंबरात दुसरी परिषद. तिला जागा द्यायला सवर्णांतून कुणी तयार नव्हतं, फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आणि पाणी? डिसेंबरात तळ्याचं पाणी कुणीच प्यालं नाही. कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. सत्याग्रह तहकूब झाला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो थेट मार्च 1937 मध्ये.

आता बघा. नुसत्या आगीवर लिहिणारा दोस्त काय करील? डिसेंबरात आलेली बाई तळ्यात उतरवील, ओंजळ भरील, ओठाला लावील. प्रसंग झकास. वाचणाराच्या अंगावर काटा. पण तो प्रसंग घडलेला नाही. आणि घडलेलं काय आहे? पाणी प्यायला म्हणून कित्येक कोस चालत आलेली बाई तळ्याचं पाणी न पिताच परत निघाली. कोरड्या घशानं. पुढं दहा वर्षं निकालाची वाट. हे मला गादीवर लोळून सुचलं नसतं. हे तारखेनं दिलं. अभ्यास म्हणजे कल्पनेच्या पायातली बेडी असं ज्याला वाटतं, त्यानं हे ध्यानात घ्यावं.

इथं कुणीतरी अण्णाभाऊंचं नाव काढतंच. दीड दिवसाची शाळा, अन् तरी 'फकिरा' लिहिली, मग अभ्यास कशाला? शाळा दीड दिवसाची होती, अभ्यास दीड दिवसाचा नव्हता. वाटेगावपासून मुंबईपर्यंत पायांनी केलेला, गिरणीत, कामगारवस्तीत, 1944 साली उभ्या केलेल्या लालबावटा कलापथकात केलेला तो अभ्यास होता. 'फकिरा' 1959 ला आली. त्याआधीची ही सगळी वर्षं धरा ना हिशेबात.

आणि अण्णाभाऊ ज्या तमाशातून आले, तिथं हा वाद आपल्या लोकांनी कधीच मिटवलाय. गण, मग गवळण, बतावणी, मग वग. हा क्रम ठरलेला. वगाची गोष्ट ठरलेली. राजा कोण, प्रधान कोण, कोण कुणाला फसवणार, सगळं फडाला ठाऊक. पण संवाद? ते कागदावर नसायचे. बोर्डावर उभं राहूनच यायचे. समोर कोण बसलंय, गावात काल काय झालं, हे बघून सोंगाड्या बोलायचा. सांगाडा पक्का म्हणून जीभ मोकळी. सांगाडाच नसता तर सोंगाड्या नुसता बरळला असता. अन् जीभ बांधली असती तर लोक कधीच उठून गेले असते.

महाडचंही तसंच बघा. 1923 पासूनची तयारी, ठराव, गावोगावचा प्रचार, हा सांगाडा. मार्चची परिषद संपत आली तेव्हा अनंतराव चित्रे उठले आणि तळ्यावर जायची गोष्ट त्यांनी काढली. माणसं निघाली. हे ऐनवेळी ठरलं की आधीच ठरलं होतं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. घालोत. तयारी नसती तर त्या एका बोलण्यावर कुणी उठलं नसतं, एवढं मला पुरतं.

आता माझ्या बाईकडं येतो. डिसेंबरच्या त्या परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची जुनी तऱ्हा अन् अंगावरचे जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे, ती टाका, असा त्या बोलण्याचा आशय. बायांनी लगेच नेसण बदलली अशी नोंद आहे. माझ्या आराखड्यात लिहिलेलं होतं : बाई नेसण बदलते, हातातल्या कथलाच्या पाटल्या काढते, सावित्री नदीत फेकते.

लिहायला बसलो. नेसण तिनं पटकन बदलली. घोट्यापर्यंत आलेलं लुगडं बघून ती हसली पण. पाटल्या काढल्या. आणि नदीवर आली तर हात वर जाईना. मी दोन रात्री तिला नदीवर उभी ठेवली. मग कळलं, त्या पाटल्या तिच्या आईच्या. आई मानमोडीत गेलेली. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. वही पुन्हा उघडली. मानमोडीची साथ 1918 ची. बाई 1927 ला विशीची, म्हणजे तेव्हा अकराची. बसतंय. आईच्या हातातून पाटल्या काढताना तिनं बघितलेलं असू शकतं. मी ठेवलं. बाई पाटल्या पदराच्या गाठीत बांधून घरी नेते. पुन्हा कधी घालत नाही.

आमच्या एका कार्यकर्त्याला हे वाचून दाखवलं. तो तडकला. म्हणाला, भाऊ, हे बदला. चळवळीतली बाई अशी कचरत नसते. फेकू द्या तिला नदीत. याच्यानं चुकीचा संदेश जातो.

मी म्हणलं, गड्या, फेकणं माझ्या कागदावर होतं, तिच्या हातात नव्हतं. बाबासाहेबांनी अंगावरचं टाका म्हणलं, ते तिनं टाकलं. आईला टाक असं कुणी म्हणलं नव्हतं. घोषणेत बसेना म्हणून मी तिचा हात पिरगाळायचा? आजवर दुसऱ्यांनी तेच केलं आपल्याला. त्यांच्या गोष्टीत आपण एकतर बिचारे, नाहीतर चोर. आता आपल्या गोष्टीत आपणच आपल्या माणसाला साच्यात कोंबायचं?

त्याला ते पटलं नाही. आमचं भांडण चालू आहे. चालू दे.

माणसांकडं विचारायला जातानाही हेच. महाडला गेलेल्या पिढीतलं आता कुणी उरलं नाही. त्यांच्या सुना, नातवंडं आहेत. मी एका म्हातारीकडं गेलो. सासूकडून ऐकलेलं तिला मुखपाठ. मी वही काढली, तशी ती म्हणाली, "तुला काय आयकायचंय ते सांग बाबा, मंग तसं सांगते." मी वही मिटली. प्रश्नांची यादी बघून माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. साथ सांगतात, दुष्काळ सांगतात, अमक्याच्या लग्नाच्या आदल्या साली म्हणतात. ते साल लावून घ्यायचं काम आपलं. म्हणून तारखा आपल्या डोक्यात पक्क्या पाहिजेत आणि तोंड बंद पाहिजे. ती भरकटली तर भरकटू द्या. दागिन्यांचं ती भरकटूनच बोलली होती.

तेव्हा लिहिणाऱ्या पोरांनो, 'बहिष्कृत भारत'चे अंक वाचा, ते पुन्हा छापून आलेत. खैरमोड्यांचे चरित्रखंड वाचा. तारीख, अंतर, भाव, हुकूम यांत तडजोड नको. वहीचं डावं पान गच्च भरा. उजवं पान कोरं ठेवा. तिथं तुमची माणसं बोलतील, आणि ती तुमचं ऐकतीलच असं नाही.